प्रश्न विचारणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत का?

एका रविवारी पहिल्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात दोघा ज्येष्ठ गृहस्थांचा वाद चालला होता. आदल्या रात्री दोघांनीही टीव्हीवर संसदेतला गोंधळ पाहिला होता. एक जण म्हणाले, "विरोधकांना दुसरे कामच उरलेले नाही. बँक बुडाली की सरकारला जाब विचारायचा. यांच्या राज्यात काय बँका बुडाल्या नाहीत?" दुसरे म्हणाले, "बुडाल्या ना. म्हणून काय आता विचारायचेच नाही?" पहिल्यांनी हात झटकला, "ज्याने आधी आपले घर झाडले नाही, त्याने दुसऱ्याच्या अंगणात केर दाखवू नये." एवढ्यात दुसऱ्या मिस्साची घंटा झाली आणि वाद अर्धवट राहिला.

माझ्या मनात मात्र तो चालूच राहिला. प्रिय वाचकहो, हा प्रश्न राजकारणाचा दिसतो, पण मुळात तो नीतीचा आहे. प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू शुद्ध नसेल, तर त्याच्या प्रश्नाची किंमत कमी होते का? आणि ज्याला प्रश्न विचारला, त्याला "आधी तू काय केलेस ते सांग" असे म्हणून उत्तर टाळता येते का?

आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीतले उदाहरण घेतो. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. १९८४ साली मुंबईत शीव येथे एका शाखेनिशी सुरू झालेली ही बँक तोवर १३७ शाखांची झाली होती. ठेवी साडेअकरा हजार कोटी रुपयांच्या घरात. आणि ठेवीदाराला सांगण्यात आले की सहा महिन्यांत मिळून आपल्याला फक्त १,००० रुपये काढता येतील. ओरड झाली तशी ही मर्यादा १०,००० झाली, मग २५,०००, ४०,०००, ५०,०००, आणि जून २०२० मध्ये एक लाख. मुलीच्या लग्नाचे पैसे, निवृत्तीनंतरची पुंजी, गृहनिर्माण सोसायटीचा दुरुस्ती निधी, सगळे आत अडकले. बँकेने दिलेल्या एकूण कर्जापैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती आणि ती लपवण्यासाठी हजारो बनावट खाती दाखवण्यात आली, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. न्यायालय त्याचे काय करायचे ते करील. आपला प्रश्न वेगळा आहे. इतके मोठे कर्ज एकाच दारी जात असताना पाहणाऱ्यांना ते दिसले कसे नाही?

१० ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना ठेवीदारांनी गाठले. या प्रकरणाशी अर्थ मंत्रालयाचा थेट संबंध नाही, नियमन रिझर्व्ह बँकेचे आहे, असे त्यांनी सांगितले. निष्पक्षपणे हेही लिहिले पाहिजे की कायद्यात बदल लागतील का, याचा अभ्यास करायला आपण अधिकाऱ्यांना सांगितले आहे, असेही त्या म्हणाल्या, आणि पुढच्या वर्षी तसा बदल झालाही. पण "थेट संबंध नाही" हे शब्द लोकांच्या मनात राहिले.

कायद्याच्या दृष्टीने ते उत्तर खोटे नव्हते. सहकारी बँकेवर देखरेख रिझर्व्ह बँकेची, आणि दुसरीकडे सहकार निबंधकांची. एका म्हशीला दोन मालक असले म्हणजे वैरण कोणी घालायची, असा तो प्रकार होता. तरीही या उत्तरात एक अडचण आहे. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर लोकसभेत बसत नाहीत. त्यांना तिथे उभे करून कोणी प्रश्न विचारू शकत नाही. संसदेच्या समितीपुढे त्यांना बोलावता येते. जून २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणानंतर ऊर्जित पटेल तसे गेलेही होते. पण सभागृहात रिझर्व्ह बँकेबद्दल बोलायला मंत्र्याशिवाय दुसरे तोंड नाही. मंत्र्यांनीच "त्यांना विचारा" म्हटले, तर सामान्य माणसाने कोणाच्या दारात जायचे?

पंजाब नॅशनल बँकेच्या त्याच प्रकरणात, २०१८ च्या फेब्रुवारीत, तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी म्हटले होते की राजकारण्यांना जनतेला उत्तर द्यावे लागते, नियामकांना नाही. मार्चमध्ये गव्हर्नर पटेल यांनी सांगितले की सरकारी बँकांच्या बाबतीत आपल्या हाती पुरेसे अधिकारच नाहीत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. एदेन बागेत आदामाने एवेकडे बोट दाखवले आणि एवेने सर्पाकडे, त्यांच्याही म्हणण्यात तथ्य होतेच. एवेने फळ दिले होते हे खरे आणि सर्पाने भुलवले होते हेही खरे. परमेश्वराने मात्र कोणा एकाला विचारून बाकीच्यांना सोडून दिले नाही.

संसदेत प्रश्न म्हणजे नेमके काय, हे टीव्हीवरच्या गोंधळात कळत नाही. लोकसभेत सकाळी ११ वाजता प्रश्नोत्तराचा तास असतो. आधी लेखी सूचना द्यावी लागते. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून तोंडी उत्तर देतात आणि त्यावर सदस्यांना पुरवणी प्रश्न विचारता येतात. खरी कसोटी या पुरवणी प्रश्नांत असते, कारण पहिले उत्तर अधिकाऱ्यांनी लिहून दिलेले असते. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते, त्यावर पुन्हा विचारता येत नाही.

२०१९ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला लोकसभेत या बँकेबद्दल विचारले गेले, तेव्हा उत्तर आले की ७८ टक्के ठेवीदारांना आता आपली संपूर्ण रक्कम काढता येते. उत्तर खरे होते. पण ते कसे खरे होते ते पाहा. मर्यादा ५०,००० रुपयांची होती, म्हणजे ज्यांच्या खात्यात मुळातच ५०,००० पेक्षा कमी होते ते मोकळे झाले. उरलेले २२ टक्के म्हणजे नेमके तेच लोक, ज्यांनी आयुष्याची कमाई तिथे ठेवली होती. शंभर मेंढरांपैकी एक हरवले म्हणून नव्याण्णव रानात सोडून जाणाऱ्या मेंढपाळाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. इथे शंभरातली बावीस हरवली होती आणि उत्तर अठ्ठ्याहत्तरांचे मिळत होते. अशा वेळी कोणीतरी उठून "आणि बाकीचे?" असे विचारायला हवे. ते विचारणारा कोणत्या पक्षाचा आहे, याने त्या बावीस जणांना काय फरक पडतो?

पण पहिल्या गृहस्थांचा आक्षेप तसाच सोडता येत नाही. "यांच्या राज्यात काय झाले होते?" हे विचारणे अगदीच गैर नाही. १९९२ साली रोखे घोटाळा उघडकीस आला, तेव्हा सत्तेवर काँग्रेस होती. बँकांमध्ये खोट्या पावत्यांवर कोट्यवधींचे व्यवहार झाले, आणि त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातली जुनी बँक ऑफ कराड कायमची बुडाली. विरोधकांनी मागणी लावून धरली, रामनिवास मिर्धा यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली, डिसेंबर १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. शेअर बाजार चढला-पडला म्हणून आपण झोप उडवून घेणार नाही, अशा अर्थाचे उद्गार अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनी काढले होते. समितीने त्यावर खोचकपणे लिहिले की अर्थमंत्र्यांना शांत झोप लागते हे चांगलेच, पण एवढी उलथापालथ होत असताना कुठेतरी गजर वाजायला हवा होता. डॉ. सिंग यांनी राजीनामा देऊ केला. पंतप्रधानांनी तो स्वीकारला नाही.

नऊ वर्षांत खुर्च्या बदलल्या. मार्च २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँक केतन पारेख प्रकरणात कोसळली. आता सत्तेवर भाजपच्या नेतृत्वाखालील आघाडी आणि विरोधात काँग्रेस. पुन्हा तेच प्रश्न, पुन्हा संयुक्त समिती, फक्त विचारणारे आणि उत्तर देणारे यांनी बाके बदलली होती. हसू येते खरे. पण मला वाटते, यात ढोंगापेक्षा काहीतरी अधिक आहे. सत्तेवर असताना जो प्रश्न नकोसा वाटतो, तोच बाहेर बसल्यावर स्पष्ट दिसू लागतो. देखरेख करणाऱ्या खुर्चीत बसून स्वतःची चूक दिसणे फार कठीण असते, म्हणून समोर कोणीतरी बसवावा लागतो, आणि तो आपला मित्र नसावा लागतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका छोट्या पतपेढीच्या संचालक मंडळावर होतो. नाव सांगत नाही. ती पतपेढी आता राहिलेली नाही. शाळेतला मास्तर म्हणजे भरवशाचा माणूस, म्हणून लोकांनी मला घेतले होते. दरवर्षी सर्वसाधारण सभा व्हायची. अहवाल वाचला जायचा, मागच्या बाजूने "मंजूर, मंजूर!" असा पुकारा व्हायचा, आणि सगळे बटाटावडा नि भेटवस्तूकडे वळायचे. एका वर्षी एक सभासद उठले आणि त्यांनी विचारले, "एकाच घरातल्या चौघांना एकाच जमिनीच्या तारणावर चार कर्जे दिली आहेत, ती कशी?" हे गृहस्थ आदल्या निवडणुकीत थोड्या मतांनी पडले होते. सभेत लगेच कुजबूज सुरू झाली: पडला म्हणून बोलतोय. मी व्यासपीठावर होतो. मी माइक घेतला आणि म्हणालो, "आपण कार्यालयात येऊन माहिती घ्यावी, सभेचा वेळ मर्यादित आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा बरे वाटले होते, हे लपवत नाही.

ती चार कर्जे मला ठाऊक नव्हती, असे नाही. बैठकीत कागद फिरला होता आणि मी सही केली होती. चौकशी केली असती तर चेअरमनना वाईट वाटले असते, एवढेच कारण. दोन-अडीच वर्षांत ती कर्जे थकली, त्यांच्यामागे आणखी काही थकली आणि एके दिवशी पतपेढीच्या दारात रांग लागली. रांगेत एक म्हातारी बाई होती. पहाटेच्या गाडीने मुंबईला भाजीची पाटी नेऊन विकायची, त्यातून नातीच्या लग्नासाठी ठेव ठेवली होती. तिला पाचशे-पाचशेच्या हप्त्याने पैसे मिळाले, तेही सगळे नाहीत. पुढे रस्त्यात भेटली की ती मला "जय ख्रिस्त, मास्तर" म्हणायची. कधी तक्रार केली नाही. तिने चार शब्द सुनावले असते तर मला सोपे गेले असते.

मिस्साच्या आरंभी आपण सगळे जी कबुली देतो, तीत आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्याचाही उल्लेख असतो. कितीतरी वर्षे मी ती वाक्ये भरभर म्हणत आलो होतो. पैसे मी खाल्ले नव्हते, पण मला राखणीला बसवले होते आणि मी राखण केली नाही. खाणारा एक गुन्हेगार, हे सरळ आहे. डोळे मिटून बसणाऱ्याचे काय? आणि त्याला राखणीला नेमून पुन्हा वळून न पाहणाऱ्याचे काय? तिघांचा दोष सारखा नाही. पण पहिला दोषी सापडला म्हणून दुसरा-तिसरा मोकळा होत नाही.

१९५७ साली लोकसभेत फिरोज गांधी यांनी आयुर्विमा महामंडळाच्या पैशांविषयी प्रश्न उभा केला होता. हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत महामंडळाने सुमारे सव्वा कोटी रुपये घातले होते. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचेच, शिवाय पंतप्रधानांचे जावई. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी मुंबईतच उघड चौकशी केली आणि स्पष्ट मत दिले की सचिवाने केलेल्या गोष्टीची जबाबदारी मंत्र्याला टाळता येणार नाही. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा दिला. त्यांनी स्वतः पैसे घेतल्याचा आरोप कोणी केला नव्हता.

यावर कोणी म्हणेल, मग रिझर्व्ह बँकेचे स्वातंत्र्य कुठे राहिले? उद्या मंत्रीच ठरवतील कोणती बँक तारायची आणि कोणती मारायची. ही भीती खरी आहे. पण निर्णयाचे स्वातंत्र्य आणि हिशेबातून सुटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शस्त्रक्रिया कुठे करायची हे नातेवाईक डॉक्टरांना सांगत नाहीत, पण रोगी दगावला तर काय झाले ते विचारतातच. आपल्या धर्मग्रामाचा कारभार फादर पाहतात, तरी चर्चच्या कायद्याने प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे. ती फादरांवर अविश्वास म्हणून नसते.

विचारल्याने काय साधते, याचे एक जुने उदाहरण आहे. केरळात पाला या सिरियन कॅथलिक वस्तीच्या गावी १९२७ साली सुरू झालेली पालाय सेंट्रल बँक ऑगस्ट १९६० मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून बंद झाली. त्याच वर्षी आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँकही बुडाली होती. पालाय बँकेतले दोष रिझर्व्ह बँकेच्या तपासण्यांत १९५० च्या दशकापासून दिसत होते. मग इतकी वर्षे थांबलात का, आणि थांबला होतात तर आता एकदम टाळे का? संसदेत गदारोळ झाला, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या खात्याला उत्तरे द्यावी लागली. त्या धक्क्यातून ठेवींना विमा देण्याचा कायदा १९६१ साली झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून योजना सुरू झाली. तेव्हा संरक्षण १,५०० रुपयांचे होते. वाढत वाढत १९९३ साली ते एक लाख झाले आणि मग २६ वर्षे तिथेच थांबले. त्याला हात लागला तो २०१९ च्या या रांगांनंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, आणि मर्यादा पाच लाख झाली. आज आपल्या पासबुकामागे उभे असलेले हे संरक्षण कोणाच्या तरी बुडालेल्या पैशांतून आणि कोणाच्या तरी नकोशा प्रश्नांतून आलेले आहे.

विरोधकांनाही मी सोडणार नाही. सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवणारे विधेयक राज्यसभेत २२ सप्टेंबर २०२० रोजी मंजूर झाले. कोरोनामुळे त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता, ही सरकारची बाजू. आणि त्या दिवशी विरोधी सदस्यांनी कामकाजावर बहिष्कार टाकला होता, ही त्यांची. शेती विधेयकांवरून आठ सदस्य निलंबित झाले होते, राग समजण्यासारखा होता. पण साडेतीन तासांत सात विधेयके मंजूर झाली, त्यांत हेही होते. ज्या कायद्याची लाखो ठेवीदार वर्षभर वाट पाहत होते, त्यातली एखादी त्रुटी दाखवायला समोरच्या बाकांवर कोणी नव्हते. ज्याला विचारण्यासाठीच निवडून दिले, तो उठून गेला तर तीही राखण सोडणेच झाले.

पैशांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. चुकीच्या जागी केलेला सवाल धडधाकट बँकही पाडू शकतो. २०१९ च्या त्या दिवसांत मोबाइलवर काय काय फिरत होते ते आठवा. अमुक बँका बंद होणार, पैसे काढून घ्या. शेवटी १ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेला अफवांवर विश्वास ठेवू नका असे जाहीर करावे लागले. अफवेवर कोणाचीही सही नसते आणि तिला उत्तर नको असते. सभागृहातल्या प्रश्नावर नाव असते, तारीख असते, आणि विचारणारा उत्तरासाठी थांबतो. निदान थांबायला हवा.

त्या बँकेचे पुढे जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाले. पाच लाखांपर्यंतची रक्कम आधी, मोठ्या ठेवीदारांची बाकी हप्त्यांनी, काहींची दहा वर्षांपर्यंत. सत्तरीच्या माणसाला तुमचे पैसे ऐंशीव्या वर्षी मिळतील, असे ते उत्तर आहे. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या दारात पुन्हा रांगा दिसल्याच. तिथे १२२ कोटींच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली.

आमच्या सभेत प्रश्न विचारणारे ते गृहस्थ काही वर्षांपूर्वी २ नोव्हेंबरला कबरस्तानात भेटले. दोघेही आपापल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायला आलो होतो. मी त्यांना म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही बरोबर विचारले होते. मी तुम्हाला बोलू दिले नाही." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, खरे सांगू? मला त्या कर्जांचे काही पडलेले नव्हते. चेअरमनला पाडायचे होते, म्हणून मी कागद शोधत होतो."